खिंडीच्या अलीकडून परत

लासुर्ण्याहून निघालो तेव्हा उसाला पाणी चालू होतं आणि तात्या कुणाशी बोलत नव्हते. तात्या म्हणजे माझे चुलते. दोन्ही गुडघे बदललेले. शेत वाट्याने लावून त्यांना पुण्याच्या फ्लॅटवर न्यायचं, असं त्यांच्या मुलाने, विजयने, ठरवलं होतं. तात्यांनी पैज लावली. हिमाचलातली बर्फाची खिंड आपल्या पायांनी ओलांडली तर शेत त्यांच्याकडे. नाही तर बॅग भरायची. मी सोबतीला होतो.

बारामती, पुणे, रेल्वे, मग घाटातल्या बस. शेवटच्या गावात सफरचंदाची झाडं फुलली होती. जेवायला सिड्डू (अक्रोड भरून वाफवलेली जाड रोटी) मिळाले. तात्यांनी तुपाची वाटी रिकामी केली. वाट दाखवायला डोलमा नावाची तिथलीच बाई होती. पुण्याहून एकटाच आलेला रोहन आमच्यात सामील झाला.

थाचापर्यंत (मेंढपाळांचं उन्हाळी कुरण) तात्या कुठे अडले नाहीत. संध्याकाळी डोलमाने बजावलं, की उजाडायच्या आत निघायचं. रात्री गोठलेला बर्फ सकाळीच माणूस पेलतो.

पहाटे तात्यांनी बर्फावर टाच मारली. काचेसारखा कडक.

"पाय सरकतोय हितं. ऊन येऊ द्या, वाफसा आला की पाय बसंल."

ओल उतरून रान पायाखाली घट्ट होण्याची वाट ते आयुष्यभर पाहत आले होते. डोलमाने पुन्हा पुन्हा सांगितलं. तात्या दगडावर बसले ते बसलेच, आणि त्यांना टाकून कुणाला निघता येईना.

खिंडीखालच्या उतारापाशी पोचलो तेव्हा ऊन तापलं होतं. पाय गुडघ्यापर्यंत रुतत होते. वरून बर्फाचे गोळे आपोआप घरंगळत येत होते. डोलमा थांबली. कडेला फावड्याने खड्डा घेऊन तिने आतला काप दाखवला. वर भिजलेला बर्फ, तळाशी जाड, सुटे दाणे.

"ही तर कारखान्यातली साखर," तात्या म्हणाले.

"या साखरेवरच सगळा उतार उभा आहे," डोलमा हिंदीत म्हणाली. "आता वरचं पाणी तिच्यात उतरतंय. सगळा उतार कधीही सुटून खाली येईल."

तात्यांनी वरचा बर्फ मुठीत दाबला. बोटांतून पाणी ठिबकलं.

"आमच्याकडं ऊन पाणी वढून घेतं. हितं ऊनच पाणी सोडतंय. मीच बसवून ठेवलं सगळ्यांना."

रोहनला पटलं नाही. "समोर तर खिंड आहे. पळत जाऊ. काका दमले असतील तर थांबू देत."

"व्हय, दमलो म्हण. साऱ्या गावाला सांग." तात्यांनी काठी आडवी धरली. "पर तुलाबी हितनं फुडं सोडत न्हाय."

"आणि तुमची पैज?"

"पैज माझी हाय. तुझ्या आयशीला मी काय सांगू?"

रोहन शिवी गिळून वळला. आम्ही खाली पोचेपर्यंत तो उतार जागचा हलला नाही. नंतर हलला का, ते मला माहीत नाही. त्या रात्री आभाळ भरून राहिलं आणि बर्फ गोठलाच नाही. डोलमाने दुसरा प्रयत्न नाकारला. तात्यांनी तो मागितलाही नव्हता.

लासुर्ण्यात विजय गाडी घेऊन आधीच आला होता.

"म्हणजे ओलांडली नाही?"

"न्हाय."

"मग बॅग भरायची?"

"न्हाय. पायानं हार खाल्ली आसती तर गुमान गाडीत बसलो आसतो. मी माझ्या अकलेनं फिरलो. अक्कल शाबूत हाय तवर रान माझं."

"तात्या, पण ठरलं होतं."

"ठरलं हुतं. मोडलं."

विजयने माझ्याकडे पाहिलं. पाय शेवटपर्यंत चालले, एवढं मी सांगितलं. जेवून तो एकटाच पुण्याला गेला.

खिंडीपलीकडे काय आहे, असं गावात अजून विचारतात. आम्ही पाहिलं नाही, असं मी सांगतो. काही जण हसतात. हसू देत. या प्रवासाचं वर्णन खिंडीच्या अलीकडे संपतं आणि ते अपुरं नाही.