केंदूरच्या भामाबाईंचं दुखणं

केंदूरच्या भामाबाईंनी जन्मात कधी ‘मला दुखतंय’ असं म्हटलं नव्हतं, आणि त्याचा त्यांना कोण अभिमान! तरुणपणी मेंढरांमागं पार कोकणापर्यंत चालावं लागे. बिऱ्हाड घोड्यावर लादलं की सगळ्यांनी निघायचं. एका बाईसाठी तळ थांबत नसे. महिन्याच्या त्या दिवसांत ओटीपोटात सुरी फिरत असली तरी भामाबाई पोटाला फडकं आवळून बांधत आणि चालू लागत. पुढं मेंढरं विकली, शेती धरली, पण गप्प बसायची सवय सुटली नाही.

तेच त्यांनी सुनेला शिकवलं. मोनिका यवतची, गुणाची पोर, पण दर महिन्याला दुखण्यानं पिळवटून निघायची. ‘आवळून बांध. बाईला एवढं सोसावंच लागतं,’ भामाबाई म्हणायच्या.

लग्नाला चार वर्षं झाली, मूल नाही. भामाबाईंचा दीर ज्ञानदेव घरचा कारभारी. त्यानं परस्पर ठरवून टाकलं, ‘पोरगी आजारीच हाय. माहेरी धाडा, हनुमंताचं दुसरं बघू.’ मोनिकाचा नवरा हनुमंत सणसवाडीच्या कंपनीत मुकादमाला दरडावायचा, काकापुढं मात्र त्याची दातखीळ बसायची. भामाबाईंचे मालक म्हस्कूआबा तंबाखू मळत राहिले. मोनिकानं सासूकडं बघितलं. भामाबाईंनी नजर चुकवली.

दुसऱ्याच दिवशी मोनिका हौदापाशी चक्कर येऊन पडली. भामाबाईंनी तिच्या पोटावरचं फडकं सोडलं, तर गाठीखाली कातडी लालभडक झालेली. त्यांना भडभडून आलं. आपण पोरीला हे काय दिलं! कुणाला न विचारता त्या तिला घेऊन पुण्याच्या दवाखान्यात गेल्या.

तिथं पोटात दुर्बीण घालून तपासणी झाली. गर्भपिशवीच्या आतल्या अस्तरासारखं अस्तर बाहेर, अंडाशयापाशी वाढलं होतं. एंडोमेट्रिओसिस. उपचार आहेत, मूलही होऊ शकतं, पण खात्री देता येत नाही, असं डॉक्टर हर्षदा यांनी सरळ सांगितलं. मग संशोधनासाठी थोडं रक्त मागितलं.

‘पेशींमध्ये नॉन-कोडिंग आरएनए असतात,’ त्या म्हणाल्या. ‘त्यांच्यापासून प्रथिनं बनत नाहीत. पण कुठल्या जीननं काम करायचं, कुठल्यानं थांबायचं, यावर त्यांचा वचक असतो. या आजारात त्यातल्या काहींचं प्रमाण बदललेलं दिसतं. पुढंमागं नुसत्या रक्तावरून आजार ओळखता यावा, म्हणून आमची खटपट.’

मोनिका गोंधळली. भामाबाई तिला म्हणाल्या, ‘अगं, मेंढरांमागची कुत्री. दूध न्हाई, लोकर न्हाई, पर कळप त्यांच्या धाकात. ती बिघडली की मेंढरं शिरत्यात दुसऱ्याच्या रानात.’

डॉक्टर हसल्या. ‘बरंचसं तसंच. का बिघडतात, ते अजून पुरतं कळलेलं नाही.’

‘म्हंजी हिची काय चूक न्हाई?’

‘काहीच नाही. आणि हे सोसत बसायचंही नसतं, आजी.’

तीन दिवसांनी घरी येताना एसटीत भामाबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. एवढी वर्षं जे नशिबाचं म्हणून अंगावर काढलं, त्याला नाव होतं. आनंद मानावा की संताप करावा, त्यांना कळेना.

घरी पोचल्या तर ओट्यावर मोनिकाचे वडील मान खाली घालून बसलेले. ज्ञानदेवानं त्यांना यवतहून बोलावून घेतलं होतं. मोनिकाच्या कपड्यांची पिशवीसुद्धा भरून ठेवली होती.

‘वहिनी, तुमी मधी पडू नका,’ तो म्हणाला.

‘पडनार. हिला दुखन्यापायी धाडायची आसंल, तर आदुगर मला धाडा, भावजी. मलाबी ह्येच दुखनं व्हतं. लगीन झाल्यापासनं. हनुमंत नऊ वर्सांनी झाला, तवा कुनी मला धाडलं न्हाई. मी बोल्ले न्हाई, म्हनून धाडलं न्हाई.’

म्हस्कूआबांचा तंबाखू मळणारा हात थांबला. ‘मला ठावं न्हवतं,’ ते पुटपुटले.

‘आता ठावं झालं.’

ज्ञानदेव काही बोलायला गेला, पण हनुमंत उठला होता. त्यानं पिशवी उचलून आत नेली.

सांगून झाल्यावर रडू येईल असं भामाबाईंना वाटलं होतं. आली ती भूक. त्यांनी मोनिकाला हाताला धरून आत नेलं, आणि बाहेर पुरुष माणसं जेवायची खोळंबलेली असताना दोघी एका ताटात जेवायला बसल्या.