निवड कुणी केली

"हात पुढं कर," सर म्हणाले.

सांगलीच्या एका कॉलेजातलं सभागृह. समोर प्राध्यापक. पहिल्या रांगेत साखर कारखान्याचे संचालक, कडक इस्त्रीतले. मी माझा निबंध वाचायला उभी राहिले होते. वाटलं, सरांना काही द्यायचं असेल. मी हात पुढं केला.

सरांनी हाताला हात लावला नाही. पेन्सिलीनं बोटं दाखवली.

"ही माझी पीएच.डी.ची विद्यार्थिनी. विषय, लोप पावलेले ग्रामीण धंदे. आणि ही स्वतः त्याच धंद्यातली. कातडं कमावणाऱ्याची मुलगी. बघा, बाभळीच्या सालीचा रंग अजून गेलेला नाही. अभ्यासक आणि नमुना, एका तिकिटात दोन्ही."

सभागृह हसलं. खळखळून.

तो रंग सालीचा नव्हता. लाल शाई होती. मी सांगलीतच दुसऱ्या एका कॉलेजात शिकवत होते, सकाळी पेपर तपासून आले होते. निबंध वाचला. काय वाचलं ते आठवत नाही. कान तापलेले, एवढं आठवतं.

बहात्तरचा दुष्काळ सरला, त्याच्या पुढच्या वर्षाची ही गोष्ट.

आम्ही जातीनं ढोर. आष्ट्याचे. बाभळीच्या सालीत कातडं कमवायचं, त्याच्या मोटा शिवायच्या. बैल मोट ओढायचे, विहिरीचं पाणी वर यायचं, ऊस वाढायचा. पुढं तेलावरची इंजिनं आली, मोटा बंद पडल्या. मोटा गेल्या तसे आम्हीही गेलो. कुठं गेलो, हे कुणी विचारलं नाही.

मी विचारणार होते. त्यासाठीच सरांकडं गेले. सर साताऱ्याचे. परदेशात शिकून आलेले. अर्थव्यवस्थेची उत्क्रांती हा त्यांचा विषय. ते सांगायचे, बाजार जीवसृष्टीसारखा असतो. नवी रीत येते, जुनी मागं पडते, ज्याला बदलता येतं तो टिकतो. मला हा विचार मनापासून आवडला होता. बाकीच्या अर्थशास्त्रात काळ गोठलेला वाटायचा. इथं तो चालत होता.

सभा संपल्यावर व्हरांड्यात सरांनी मला थांबवलं. "चौथ्या प्रकरणाचा शेवट लिहून घे." मी लिहून घेतलं. बदल स्वीकारण्याची क्षमता नसल्यामुळे हा समाज टिकू शकला नाही.

ते वाक्य पिशवीत घालून मी आष्ट्याला घरी गेले. आबा, म्हणजे माझे वडील, दारात बसले होते.

"आबा, इंजिन आलं तवा तुमी काय केलंसा?"

"काय करनार? मोट बंद झाली तर झाली, म्हटलं इंजिन शिकू. सांगलीत वळखीचा फिटर हुता. पावसाळाभर त्येच्याकडं राबलो. खोलायचं, जोडायचं, समदं शिकलो. परत आलो तर मळ्याचा मालक म्हनला, 'इंजिन हिरीत बशिवलंय. तू हिरीत कसा उतरनार रं?'"

"मग?"

"मग त्येनं भावकीतलं पोरगं ठिवलं. ते हिरीत उतरायचं, मी काठाला हुबा ऱ्हाऊन वरनं वरडायचो. ह्यो नट फिरीव, त्यो सोड. शिकलं ते. मग मलाबी काठावर येऊ नगं म्हनला."

आबा साधेपणानं सांगत होते. माझं डोकं फिरलं. आबांनी शिवलेली मोट वर्षानुवर्षं त्याच विहिरीत बुडत होती. कातडं चालत होतं. माणूस चालत नव्हता.

सरांच्या सिद्धांतात निवड आपोआप होते. आष्ट्याच्या त्या मळ्यात ती आपोआप झाली नव्हती. करणारा समोर उभा होता. त्याला नाव होतं, जमीन होती, कारखान्याचा शेअर होता.

मी आणखी गावं फिरले. कडेगावला गेले. कुणी पंप शिकायला गेलेला, कुणी ट्रक शिकायला. सगळे शिकून परत आलेले, आणि सगळे कुठल्या तरी दारातून माघारी फिरलेले. चौथं प्रकरण मी नव्यानं लिहिलं आणि साताऱ्याला सरांच्या घरी नेऊन दिलं.

त्यांनी माझ्यासमोरच वाचलं. कागद बाजूला सारले.

"हे अर्थशास्त्र नाही. ही तक्रार आहे."

"सर, माणसं बदलायला तयार होती. त्यांना बदलू दिलं नाही. मग क्षमता नव्हती असं कसं लिहू?"

"तू फार जवळची आहेस. म्हणून तुला नीट दिसत नाही. जरा तटस्थ हो."

"सांगलीत जवळची होते म्हणून नमुना होते. आता नमुना बोलला तर चालत नाही का?"

सरांचा चेहरा उतरला नाही, आवळला. "तुझ्यासारखीला इथवर आणलं, त्याचे हे पांग फेडतेस. मी सांगितलेलं वाक्य घाल. तरच सही करीन."

"घालणार नाही."

मी कागद उचलले. चप्पल घातली आणि बाहेर पडले.

सरांनी सही केली नाही. माझी नोंदणी संपली. दुसऱ्या प्राध्यापकांकडं गेले. एक म्हणाले, विषय स्फोटक आहे. दुसरे खरं बोलले, "सरांशी वाकडं कोण घेणार?" कॉलेजात माझ्यामागून नोकरीला लागलेल्या बाई कायम झाल्या, मी अजून तात्पुरतीच. त्या बाई मायेनं म्हणाल्या, "एकच वाक्य होतं गं. लिहून टाकायचंस. पदवी मिळाली की मग काय ते बोलायचं."

मी संतापले त्यांच्यावर. नंतर कळलं, बहुतेक सगळे असंच करतात. आधी लिहून टाकतात, आणि मग बोलायचं राहून जातं. ते छापलेलं वाक्य तेवढं मागं राहतं. पुढच्या पोराला तेच पाठ करावं लागतं.

चिडचिड होते. वर्गात खडू मोडतो. सरांच्या नव्या पुस्तकात मी आधीच्या प्रकरणांत लिहून दिलेली गावांची माहिती आहे, शेवटी त्यांचं वाक्य आहे, माझं नाव नाही.

सुट्टीच्या दिवशी मी एसटी पकडते, एकेका गावात उतरते आणि विचारते, कुणी शिकायला गेलं होतं, कुणी माघारी पाठवलं. माणसं सांगतात. प्रबंध स्वीकारला जाईल की नाही, ठाऊक नाही. मार्गदर्शक मिळाला नाही तर मार्गदर्शकाशिवाय लिहीन. ज्यांनी माघारी पाठवलं, त्या प्रत्येक मालकाचं नाव त्यात घालीन. एकही गाळणार नाही.