दादाने वाचलेली गाणी

माझ्या मोठ्या भावाला ऐकू येत नाही, हे मला सारंगीवरच्या एका डॉक्युमेंटरीमुळे कळलं. तोवर ते साऱ्या गावाला ठाऊक होतं. आणि मला कळलं तेही कधी, तर त्याच्यावर पोट धरून हसून झाल्यावर.

मी नागपूरच्या जरीपटक्यात ब्लाउज शिवते. घराची पुढची खोली म्हणजेच दुकान. नवरा गेल्यावर घरात मी आणि मुलगी दोघीच होतो. दोन वर्षांपूर्वी तिला पुण्याला नोकरी लागली. जाताना माझ्या मोबाइलमध्ये तिच्या अकाउंटचा पासवर्ड घालून म्हणाली, "आई, मालिका बघत जा, वेळ जाईल." पण मालिका माझ्या कामाच्या नाहीत. त्यात बायका अर्धा वेळ नुसत्या एकमेकींकडे बघतात, आणि माझे डोळे सुईवर. मान वर करून बघेपर्यंत कोण कोणावर का चिडलंय तेच कळत नाही. मला बघायचं नव्हतं, ऐकायचं होतं. शोधता शोधता संगीताच्या डॉक्युमेंटऱ्या सापडल्या आणि माझं भलं झालं. एक माणूस बोलतो, मग वाजवतो. मग दुसरा कोणी त्याच्याबद्दल बोलतो, तेवढ्यात तो पुन्हा वाजवायला लागतो. मोबाइल दोऱ्यांच्या डब्याला टेकवायचा आणि मान खाली घालून शिवत राहायचं. दोन बाह्या होईपर्यंत माणूस प्रसिद्ध होतो, गळा होईपर्यंत त्याचं बिनसतं, आणि हुक लावायला घेतले की सगळे रडायला लागतात. त्या वेळी हातात रेशमी कापड घेऊ नये, हा माझा अनुभवाचा सल्ला.

मला एक खोड आहे. आवडलेली गोष्ट एकटीला पचत नाही, चारजणांना सांगितल्याशिवाय चैन पडत नाही. दर्जीणबाईला त्यासाठी फार सोय असते. अंगाभोवती टेप गुंडाळलेली बाई पळून कुठे जाणार? बंद गळा, कोपरापर्यंत बाही सांगणारीला मी शास्त्रीय गायकाची सांगते. पाठीला दोऱ्या आणि लटकन हवं म्हणणारीला परदेशी बँडची. माझा अंदाज मापात कधी चुकत नाही, डॉक्युमेंटरीत मात्र हमखास चुकतो. एका सिंधी काकूंना मी भांडून वेगळ्या झालेल्या आणि म्हातारपणी पुन्हा एकत्र आलेल्या चार वादकांची मोठ्या प्रेमाने सांगितली. दुसऱ्या दिवशी त्या ब्लाउज न्यायला आल्या त्या तणतणतच. "दीदी, वो बुड्ढे तो पूरे टाइम लड़ते रहते हैं. मेरे घर में क्या कम है?" गांधीबागेत मी ज्यांच्याकडून अस्तराचं कापड घेते, त्या शेठनाही मी सोडलं नाही. त्यांनी दहा मिनिटं पाहून विचारलं, "इसमें गाना कब आएगा?"

दादा तेवढा माझं सगळं ऐकायचा. म्हणजे तेव्हा मला तसं वाटायचं. तो माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, पारशिवनीजवळ आमच्या गावात शेती करतो आणि भजनात खंजिरी वाजवतो. एवढंसं चामड्याचं वाद्य, एका हातात धरून दुसऱ्याने वाजवायचं, पण दादाच्या हातात आलं की बसलेला माणूस उठून उभा राहतो. त्याचं मंडळ खंजिरी भजनाच्या स्पर्धांना जातं आणि बरेचदा बक्षीस घेऊन येतं. मुलीला न विचारताच मी तिचा पासवर्ड त्याला देऊन टाकला. तो मी सांगितलेली प्रत्येक डॉक्युमेंटरी शेवटपर्यंत पाहायचा आणि मेसेजवर अभिप्राय पाठवायचा.

आता, आम्ही बहीणभाऊ पूर्वी मेसेजवाले नव्हतो. दर रविवारी दुपारी तासभर फोन चालायचा. पण साधारण वर्षभरापासून दादा फोन उचलेनासा झाला होता. मी लावला की वाजून वाजून बंद व्हायचा, आणि मागून मेसेज यायचा: शेतात आहो. गाडीवर आहो. काय ते लिहून पाठव. आधी मला काळजी वाटली, मग राग आला. घरात बोलायला कोणी नाही, आणि सख्खा भाऊ भाव खातोय. मला माझा भाऊ हवा होता आणि मिळत होते अभिप्राय. तेही बंद पडू नयेत म्हणून मी एकामागून एक डॉक्युमेंटऱ्या सांगत सुटले.

त्याचे अभिप्राय अफाट असायचे. समुद्राकाठच्या एका गावातल्या बायका जाळी विणताना गातात, त्यांच्यावरची एक मी त्याला सांगितली. लिहिलं, त्यातल्या म्हातारीचा आवाज ऐक, अंगावर काटा येतो. उत्तर आलं: "पाह्यलं. त्या म्हातारीच्या घरामागं पपई आहे. नर झाड आहे, फळ लागत नाही. ते लोकं फुकट पानी घालून राहिले." भांडकुदळ वादकांवर त्याचं मत: "ढोलवाल्याचं मन नाही तिथं. तो घडी पाहून राहिला." मी खोटं समजून पुन्हा लावली, या वेळी मान वर करून. खरंच, गाणं ऐन रंगात आलेलं आणि ढोलवाला मनगटावरचं घड्याळ बघतोय. मी मेसेजवर त्याच्याशी भांडायची, की अरे मी आवाजाचं बोलतेय आणि तू पपईचं काय सांगतोस? तो त्यावर उत्तरच द्यायचा नाही.

मग सारंगीची आली. एक म्हातारा सारंगी बनवतो आणि त्याचा मुलगा ती शिकायला तयार नाही. मी दादाला लिहिलं, ही पाहिली नाहीस तर माझ्याशी बोलू नको. तिसऱ्या दिवशी अभिप्राय आला: "चांगली आहे. म्हातारा हातानं हुशार आहे. दहाव्या मिनिटाले उदासीभरं संगीत वाजून राहिलं. मंग दूर कुठंतरी कुत्रं भुकून राहिलं. मंग आशेनं भरलेलं संगीत वाजलं."

मी इतकी हसले की शिवण तिरकी गेली. तो मेसेज मी लगेच गिऱ्हाइकांच्या ग्रुपवर टाकला आणि वर लिहिलं, आमच्या दादाचं संगीत परीक्षण वाचा. हसण्याचा पाऊस पडला. पुढे आठवडाभर दुकानात येणारी प्रत्येक बाई विचारायची, "काय ताई, आज कोन्तं वाजून राहिलं? उदासीभरं का आशेनं भरलेलं?" आणि मीही हसायची.

लग्नसराई आली. ब्लाउजांचा ढीग पडला होता, म्हणून ऐकलेलीच सारंगी पुन्हा लावली. मोबाइलवरची धूळ पुसताना माझं बोट कुठेतरी लागलं असणार. बॉबिन संपली म्हणून मान वर केली, तर चित्राच्या खाली हिंदीत अक्षरं आली होती. म्हातारा सारंगीला तार चढवत होता आणि खाली कंसात लिहिलं होतं: उदासी भरा संगीत बज रहा है. मी बघत राहिले. थोड्या वेळाने पुन्हा कंस आला: दूर कहीं कुत्ता भौंक रहा है.

ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी ते लिहितात, हे मला ठाऊक होतं. माझे पाय पायडलवर तसेच राहिले. शेतात आहो, गाडीवर आहो, लिहून पाठव, हे सगळे मेसेज एकामागून एक डोक्यात यायला लागले. दादाने एकही गाणं ऐकलं नव्हतं. सगळी वाचली होती. आणि त्याच्या त्या वाचण्यावर मी अख्खा जरीपटका हसवला होता. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. ग्रुपवरचा मेसेज पुसायला गेले, तर तो इतका जुना झाला होता की पुसलाच जाईना.

दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप लावून सकाळची एसटी पकडली. वहिनी अंगणात भेटल्या. मी विचारलं तर त्याच चकित. "मले वाटलं तुमाले माहीत आहे, बाई. साऱ्या गावाले माहीत आहे. मले तं आता म्हशीसंगही वरडून बोलाची सवय लागली."

दादा मागच्या पडवीत तुरीच्या शेंगा सोलत बसला होता. मी पाठीमागून दोनदा हाक मारली. तो शेंगा सोलतच राहिला. समोर जाऊन उभी राहिले तेव्हा त्याचा चेहरा फुलला. "कवा आली वं?"

मी खाली बसले. ओठ नीट दिसतील असं सावकाश विचारलं, "काहून नाही सांगितलं मले?"

तो आधी हसला, मग शेंगांकडे बघत बोलला. "काय सांगाचं? तू मंग मले पिच्चर सांगनं सोडलं असतं. बहिऱ्या माणसाले गान्याचे पिच्चर कोन सांगते?"

मी रडले. लपवून ठेवण्यासारखं त्यात काही नाही, भरपूर रडले. वहिनींनी चहा आणला, त्याचा प्याला तसाच गार झाला.

त्या दुपारी मंडळाची तालीम होती. मी सोबत गेले, कारण याला ऐकू येत नाही तर हा वाजवतो कसा, हे मला बघायचं होतं. सतरंजीवर सगळे दाटीने बसले होते. पेटीवाले काका दादाच्या अगदी समोर, आणि टाळ वाजवणारा त्याचा जुना मित्र असा बाजूला, की दोघांची मांडी मांडीला लागलेली. भजन सुरू झालं आणि मित्राचा गुडघा लयीत हलायला लागला. दादा डोळे मिटून वाजवत होता. चूक शोधायला बसलेल्या मला एकही सापडली नाही. नंतर मी त्या मित्राला विचारलं, हे असं कधीपासून? तो म्हणाला, "होऊन गेलं वरीस. त्याले आम्ही काही म्हनत नाही, अन् तो बी आमाले काही म्हनत नाही."

मग मी माझ्या स्वभावावर गेले. दादाला नागपूरला आणलं, कानाच्या डॉक्टरांना दाखवलं, मशीन घ्यायला लावलं. डॉक्टरांच्या खोलीत त्याला माझं बोलणं नीट ऐकू आलं तेव्हा तो म्हणाला, "तुहा आवाज तं तसाच आहे वं, कटकट्या." मला वाटलं, जिंकले. पण गावी गेल्यावर त्याने मशीन लावून खंजिरी वाजवली आणि दुसऱ्याच दिवशी मेसेज आला: "माणसाचं बोलणं बरोबर येते. खंजिरी पत्र्याच्या डब्यावानी वाजते. नको मले हे." मी लिहिलं, सवय होईल. त्याने लिहिलं, नाही होत. मी डॉक्टरांना विचारून लिहिलं, सेटिंग बदलता येते. त्याने लिहिलं, तुहं सेटिंग तुह्यापाशी ठेव. महिनाभर हेच. मशीन डबीत आणि डबी कपाटात, अशी खबर वहिनी द्यायच्या. फोन पूर्वीसारखाच वाजून वाजून बंद व्हायचा. मी रागाने डॉक्युमेंटऱ्या सांगणंही बंद केलं, आणि मग माझ्या लक्षात आलं की त्याला नेमकी हीच भीती होती. त्याच संध्याकाळी चार एकदम पाठवल्या.

परवाच्या रविवारी दुपारी मी अस्तर कापत होते आणि फोन वाजला. दादाचा. तो स्वतः फोन लावत नसे, म्हणून वाटलं, काहीतरी झालंय आणि वहिनींनीच लावलाय. घाबरत उचलला. पलीकडून वहिनी नाही, दादाच बोलला. "बोल वं."

इतक्या दिवसांनी आवाज आला आणि माझ्या तोंडून काय निघावं? "दादा, एक नवी आली आहे पाहा, पहाडातले लोकं लाकडाची मोठी पिपानी करते, तिच्यावर..."

"थांब," तो म्हणाला. "ते लिहून पाठव, मी वाचून घेतो. भजनाच्या वक्ती मी मशीन काढूनच ठेवतो, ते काही सुधरत नाही. आता लावलं ते तुह्यासाठी. घरचं सांग."

मी कात्री खाली ठेवली. घरचं सांगायचं म्हणजे काय सांगायचं? वर्षभराहून जास्त मी त्याला सारंगीवाल्यांचं, ढोलवाल्यांचं, समुद्रावरच्या म्हाताऱ्यांचं सगळं सांगितलं होतं. माझं स्वतःचं एक अक्षर नाही. मग एकदम बोलून गेले. "पोरगी म्हणते दुकान बंद कर अन् पुन्याले ये. दिवाळीपासून म्हणून राहिली. मले जाचं नाही, दादा. अन् इथं एकटीले घास गिळवत नाही. मोबाइल बंद केला का घर खायले उठते."

तो म्हणाला, "दिवाळीपासून? मंग काहून नाही सांगितलं?"

"कोनाले सांगू? तुले ऐकू येत नव्हतं."

बोलले आणि जीभ चावली. मला वाटलं, आता हा मशीन काढून ठेवणार.

"आता येते," दादा म्हणाला. "सांग."