टेम्पो का थांबवला?

तर भर दुपारी हवालदारानं टेम्पो बाजूला घ्यायला लावला, आणि खाली उतरलं कोण, तर त्याच्याच धाकट्या बहिणीचा नवरा!

"काय मेव्हणे, पाहुणचार रस्त्यावरच उरकताय?"

"फुंका, दाजी."

"चहा द्या आधी. गरम असला की फुंकतोच मी."

लोकांना दारू तपासायच्या नळीत फुंकायला लावून लावून हवालदाराचं नावच फुंकर पडलं होतं. माणूस सरळमार्गी. गाडी झोकांड्या खातेय, सिग्नल तोडतेय किंवा कुणी तक्रार केलीय, यातलं काही असल्याशिवाय त्यानं आजवर कुणाला अडवलं नव्हतं. त्या राज्यात कायदाच तसा होता. आधी अडवायला कारण, मग नळी, मग अटक. कारणच नसेल, तर नळीतला आकडा कितीही मोठा असो, कोर्टात तो मातीमोल.

आणि दाजींचा टेम्पो तर सुतासारखा सरळ येत होता. मुरलेला गडी! नळीतला आकडा बघून सोबतच्या शिपायानं मात्र कपाळाला हात लावला. दाजींना अटक झाली.

खरं कारण होतं बहिणीचा फोन. "दादा, सकाळपासून पितायत. आता टेम्पो घेऊन गेलेत. कुणाला तरी चिरडतील रे, अडव! पण माझं नाव घेऊ नकोस. जिवंत ठेवायचे नाहीत मला." मागे एकदा ती शेजारणीपाशी नुसती रडली होती, तर महिनाभर हात गळ्यात बांधून हिंडत होती.

कोर्टात दाजींच्या वकिलानं हवालदाराला फैलावर घेतलं.

"टेम्पो कसा चालला होता?"

"सरळ."

"सिग्नल तोडला?"

"नाही."

"मग हवालदारसाहेब, स्वप्न पडलं होतं का?"

लोक फिदीफिदी हसले. न्यायाधीशांनी चष्मा काढला. "हवालदार, कुणाची तक्रार आली असेल तर नावानिशी सांगा, अटक टिकेल. नसेल तर यांना सोडावं लागेल, आणि तुमच्या नोकरीवरही येईल."

बहीण मागच्या बाकावर बसली होती. नवऱ्यानंच तिला सोबत आणलं होतं. तो न्यायाधीशांकडे बघतच नव्हता, मान वळवून तिच्याकडे बघत होता. ती जमिनीकडे.

हवालदारानं टोपी काखेत घट्ट धरली.

"तक्रार नव्हती, साहेब. घरचं जुनं भांडण होतं. हा तावडीत सापडला, म्हणून मीच थांबवला."