तिच्या नावाचं पाकीट

दुसऱ्याचं पत्र असा प्रकार आमच्या घरात कधी नव्हताच. पुण्याला माहेरी पोस्टमन जे टाकून जाई, ते दाराशी पहिला पोचेल तो फोडायचा. बाबांच्या बदलीची ऑर्डर, काकूच्या भावाचं पत्र, मला आलेलं इंटरव्ह्यूचं बोलावणं, सगळं आधी मोठ्यानं वाचलं जायचं आणि मग ज्याचं त्याच्या हातात पडायचं. जर्मनीत सोळा वर्षं काढली तरी माझी ही खोड गेली नाही. नवऱ्याची विम्याची पत्रं मीच उघडते, लेकीच्या शाळेची मीच उघडायचे. पत्रपेटीची एकच किल्ली आणि ती माझ्या जुडग्यात. त्यामुळे मे महिन्यातल्या त्या मंगळवारी लेकीच्या नावाचं पाकीट मी जिन्यातच अंगठ्यानं फाडलं आणि त्यात मला काडीचंही वावगं वाटलं नाही.

पत्र लांडराट्साम्टकडून होतं, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या कचेरीतून. तुमचा नागरिकत्वाचा अर्ज मंजूर झाला आहे, दोन आठवड्यांनी गुरुवारी सकाळी साडेनऊला प्रमाणपत्र घ्यायला स्वतः या, येणं जमलं नाही तर पुढची वेळ यथावकाश कळवू. मी ते दोनदा वाचलं. मग घडी घातली आणि ऑफिसच्या बॅगेत, लॅपटॉपच्या मागच्या कप्प्यात सारून दिलं. वर जाऊन कुकर लावला. शिट्ट्या मोजताना चुकले.

मी हेर्त्सोगेनआउराखला खेळाच्या कपड्यांच्या एका कंपनीत काम करते. अमेरिकेत जाणाऱ्या जर्सींची मापं ठरवणं हे माझं काम. मी लागले तेव्हा अमेरिकेच्या सॉकरची मीटिंग शुक्रवारी दुपारी सगळ्यात शेवटी असायची आणि लोक जॅकेटं चढवूनच बसायचे. फुटबॉल म्हटल्यावर ज्यांना हातात धरून पळायचा लांबट बॉल आठवतो, त्यांच्यासाठी जर्सी कसल्या शिवायच्या, असा इथल्या जर्मन मंडळींचा सूर. आता तीच मीटिंग सोमवारी सकाळी सगळ्यात मोठ्या खोलीत होते आणि उशिरा येणाऱ्याला उभं राहावं लागतं. तिकडचे सहकारी पडद्यावरून सांगतात, शनिवारी भल्या सकाळी लोक युरोपातल्या मॅचा बघायला पबमध्ये जमतात. शाळकरी पोरं वाढदिवसाला आमचा शर्ट मागतात. मुलींच्या मॅचना तिकिटं मिळत नाहीत. हे सगळं मी जेवताना घरी सांगायचे, चांगलं मीठमसाला लावून. लेक मुकाट्यानं पोळी मोडत ऐकायची. हे भूत घरात आणलं ते मीच.

ती नवव्या वर्षापासून गोलकीपर आहे. आधी मुलींच्या संघात, आता गावच्या क्लबच्या बायकांच्या संघात. या देशात फुटबॉलवाचून पान हलत नाही म्हणतात, पण आमच्या बायकांची मॅच बघायला कोण येतं? अकरा-बारा आईबाप, कुणाचे तरी आजोबा आणि एक म्हातारा कुत्रा. गेल्या वर्षी मार्चमध्ये समोरच्या मुलीचा गुडघा तिच्या कानशिलावर बसला आणि ती दोन मिनिटं हलली नाही. दोन मिनिटं हे मला नंतर कळलं. मला तेव्हा ती गेलीच असं वाटलं होतं. मेंदूला धक्का, डॉक्टर म्हणाले, तीन आठवडे अंधाऱ्या खोलीत विश्रांती. त्या तीन आठवड्यांत ती श्वास घेते आहे ना, हे बघायला मी किती वेळा तिच्या खोलीत गेले ते माझं मला माहीत. तेव्हापासून बॉल उंच उडाला की मी डोळे मिटून घेते.

आणि तिला अमेरिकेतल्या एका विद्यापीठानं शिष्यवृत्ती देऊ केली होती. शिकायचं आणि त्यांच्या संघातून खेळायचं. इथे मी निदान गाडी काढून पंधरा मिनिटांत मैदानावर पोचते. तिथे कोण? तिथली हॉस्पिटलं, तिथल्या बंदुका, बातम्यांत दिसतात ती शाळांची आवारं. मी रात्रंदिवस तेच बघत होते. नवरा वाहनांच्या ब्रेकवर काम करतो, काय बिघडू शकतं याची यादी करणं हा त्याचा धंदाच आहे. त्यानं एकच अट घातली होती, “आधी जर्मन पासपोर्ट, मग अमेरिका. नाहीतर इतके दिवस बाहेर राहिल्यावर तिचं इथलं राहण्याचं परमिट जाईल आणि तिला स्वतःच्या घरी परत येता येणार नाही.” म्हणजे ऑगस्टच्या आत पासपोर्ट हवा. म्हणजे ही गुरुवारची वेळ हवी. ती चुकली की ऑगस्ट गेला आणि ऑगस्ट गेला की अमेरिका गेली. मी कुणाला नाही म्हणणार नव्हते. फक्त एक कागद बॅगेत राहणार होता.

त्या शनिवारी त्या विद्यापीठाच्या अमेरिकन कोच बाई मॅचला आल्या. जर्मनीत फिरून मुली बघत होत्या. उंच, उन्हानं रापलेल्या, हातात कागदाचा कॉफीचा पेला. माझ्या शेजारी उभ्या राहून त्या इंग्रजीत म्हणाल्या, “आमच्याकडे हिच्या मॅचला गाव लोटेल. लोक खेळाडूचं आडनाव लिहिलेले शर्ट घालून येतात.” मी हसले. आमचं आडनाव, अनोळखी पाठींवर!

उत्तरार्धात बॉल उंच आला. मी डोळे मिटले. धप्प असा आवाज झाला आणि उघडले तेव्हा लेक जमिनीवर होती. मग मी काय केलं ते सांगायला आजही लाज वाटते. मी दोरी ओलांडून थेट मैदानात धावले, साडेतीनशे रुपयांच्या पुण्याच्या कोल्हापुरीसकट. रेफ्रीनं शिट्टी फुंकली, कुणीतरी ओरडलं. मी पोचेपर्यंत ती बसून मोजा वर ओढत होती.

“ममा, गे राउस!” ती दात आवळून म्हणाली. बाहेर जा.

“लागलं का? डोळ्यासमोर अंधारी येतेय का?”

“गे बिटं राउस.” प्लीज, जा.

मी बाहेर आले. कोच बाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, माझी आईही अशीच होती. होती म्हणाल्या. त्यानं मला जास्तच भीती वाटली.

पुढचे दहा दिवस लेक रोज दारातच विचारायची, “इस्ट वास गेकोमन?” काही आलं का? आणि मी रोज नाही म्हणायचे. पहिल्या दिवशी जीभ अडखळली, तिसऱ्या दिवशी सहज निघालं. बॅग खुर्चीला लटकलेली असायची, तिच्या कोपरापासून हातभर लांब. नवरा म्हणाला, कचेरीत फोन करून विचारूया. मी म्हटलं, “अरे, सरकारी काम आहे, उगाच त्यांच्या मागे लागू नये, चिडतात.” त्यानं माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं आणि पुन्हा फोनमध्ये डोकं घातलं.

बुधवार आला. दुसऱ्या दिवशी साडेनऊ. मला फक्त एक रात्र काढायची होती. संध्याकाळी मी भेंडी चिरत होते. लेक सरावाहून आली, पण तिनं विचारलंच नाही. ओट्याशेजारी येऊन उभी राहिली. तिला मराठी सगळं समजतं, पण लहानपणापासून उत्तर जर्मनमध्येच. शिव्यासुद्धा जर्मनमध्ये. त्या दिवशी ती एकेक शब्द जुळवत मराठीत बोलली.

“आई, त्यांना मी नको असेल.”

“कुणाला?”

“इथल्या लोकांना. म्हणून पत्र नाही. माझ्या वर्गात एकीला दोन महिन्यात आलं.” ती भेंडीचं एक देठ उचलून नखानं सोलत होती. “मला वाटलं मी इथलीच आहे. डोफ, ना? मूर्ख.”

अडीच वर्षांची होती ती इथे आली तेव्हा. या गावाच्या रस्त्यांवर सायकल शिकली, दात इथे पडले. आणि मी तिला पंधरा दिवस हे वाटू दिलं होतं. माझी सगळी भीती तिला कुणी काही करेल याची होती आणि करणारी घरातच बसली होती, भेंडी चिरत. मी सुरी ठेवली, हात पुसले आणि बॅगेतून पाकीट काढून तिच्यापुढे धरलं.

तिनं वाचलं. तारीख बघितली. मग पाकीट उलटं करून फाटलेली कड बघितली, कितीतरी वेळ. मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

“हे माझ्या नावानं आहे,” ती म्हणाली.

“हो.”

“तू वाचलं, आणि ठेवलं.”

“मला भीती वाटते गं. तू पडलीस आणि मी तिथे नसले तर...”

“मला पण वाटते,” ती म्हणाली. “रोज. बॉल आला की.” मग तिनं दारामागच्या खिळ्यावरचं माझं किल्ल्यांचं जुडगं काढलं, पत्रपेटीची छोटी किल्ली शोधून कड्यातून सोडवली आणि ट्रॅकपँटच्या खिशात टाकली. नवरा दारात उभा राहून बघत होता. त्या रात्री भेंडी कुणी खाल्ली नाही.

गुरुवारी आम्ही तिघंही गेलो. कचेरीतल्या बाईंनी तिला उभं राहून शपथेची वाक्यं मोठ्यानं वाचायला सांगितली. तिनं न अडखळता वाचली. बाईंनी माझंही अभिनंदन केलं आणि ते मी घेतलं.

ऑगस्टमध्ये ती गेली. निघताना पत्रपेटीची किल्ली जेवणाच्या टेबलावर ठेवून गेली. मुद्दाम ठेवली की खिसा रिकामा करताना राहिली, हे विचारायची हिंमत मला झाली नाही. तिची पहिली मॅच आम्ही लॅपटॉपवर बघितली. खरंच गाव लोटलं होतं. कॅमेरा गर्दीवरून फिरला तेव्हा एक सात-आठ वर्षांची सोनेरी केसांची मुलगी पाठमोरी उभी होती आणि तिच्या पाठीवर आमचं आडनाव होतं. शर्ट आमच्या कंपनीचा, माप मी ठरवलेलं. नवऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मीही रडले, पण त्यात आनंद किती आणि धास्ती किती हे मला सांगता येणार नाही.

आज सकाळी पेटीत तिच्या नावाचं पाकीट होतं. तिच्या विद्यापीठाच्या आरोग्य केंद्राचं, घरच्या पत्त्यावर पाठवलेलं. वरचा शिक्का तीन आठवड्यांपूर्वीचा. तीन आठवड्यांत आमचं तीनदा बोलणं झालं आणि तिन्ही वेळा तिनं सगळं छान आहे म्हटलं. गेल्या रविवारी ती खोलीत बसून लोकरी टोपी घालून बोलत होती, कान झाकून. थंडी आहे, म्हणाली. सप्टेंबरात. मी म्हटलं, टोपीचा रंग खुलतो गं तुला.

फोन लावला, उचलला नाही. तिकडे आत्ता पहाटेचे तीन वाजलेत. मी मेसेज टाकला, “तुझं पत्र आलंय. उघडू का?” तो अजून तिनं बघितलेला नाही. नवरा कामावर गेलाय. पाकीट टेबलावर आहे आणि मी समोर बसले आहे, दोन्ही हात मांडीखाली दाबून.