डाव्या डोळ्याचा खुलासा

माझ्या डाव्या डोळ्याची वरची पापणी जन्मापासून अर्ध्यावर आहे. उजवी बिनतक्रार वर जाते. डावी बुबुळाच्या मध्यापर्यंत चढते, तिथे बसते, आणि मग हलायचं नाव घेत नाही. माहेरी सगळे म्हणायचे, "पोरीच्या डोळ्याला झापड हाय." घाण्याच्या बैलाच्या डोळ्यावर बांधतात ना, तसली झापड. त्यात कुणाला वाईट बोलायचं नसायचं. कुणाच्या पायाला सहावं बोट असतं, तशी माझ्या डोळ्याला झापड.

बघायला आले तेव्हा रीतीप्रमाणे मी मान खाली घालून बसले होते, म्हणून कुणाला काही कळलं नाही. कळलं ते सासरी आल्यावर, आणि तेही उलटंच. पापणी अर्धी झाकलेली असली की समोरचं बघायला हनुवटी वर करावी लागते. मी लहानपणापासून तशीच चालत आलेली. चुडाव्याजवळच्या आमच्या त्या गावात डोक्यावर पदर घेतलेली नवी सून हनुवटी वर करून निघाली की काय होणार? आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, शेजारणीला ऐकू जाईल अशा बेताने म्हणायच्या, "बघा, कशी मगरूर हाय. मान म्हणून खाली जाईना हिची!"

मान खाली घातली की मला फक्त माझे अंगठे दिसत आणि मी उंबऱ्याला ठेचाळत असे. "आत्याबाई, मला दिसत नाही," एवढं बोलले असते तरी काम झालं असतं. पण तेव्हाची मी! त्या बयेला दिसण्यापेक्षा आपण कसं दिसतो याचीच फिकीर जास्त. तिनं गुपचूप पापणीला एरंडेल चोळलं. गुलाबपाण्याच्या घड्या ठेवल्या. कुणी सांगितलं म्हणून रोज पापणी चिमटीत धरून शंभर वेळा वर ओढली. महिनाभर ओढून पापणी लाल झाली आणि होती त्यापेक्षा सैल पडली. आज ती मुलगी समोर आली तर आधी तिच्या हातातली एरंडेलाची बाटली काढून घेईन आणि मग पाठीत एक धपाटा घालीन.

मग गावात अंगणवाडी निघाली. सेविका म्हणून शिकलेली बाई हवी होती, आणि सातवी पास झालेली सून गावात मी एकटीच. आत्याबाईंनी नाक मुरडलं, पण आमच्या मालकांनी हो म्हटलं. तोवर मी कुणाची तरी सून होते, कुणाची तरी वहिनी होते. अंगणवाडीत पस्तीस-चाळीस पोरं मला "बाई" म्हणायला लागली. वाटेत भेटणारी मोठी माणसंही "बाई, आमचा गडी आज रडला का?" असं थांबून विचारायची. पहिल्यांदाच मला माझी अशी एक जागा मिळाली होती. ती जागा त्या मेल्या पापणीनं जवळजवळ घालवलीच.

झालं असं. एका दुपारी मुख्यसेविकाताई, म्हणजे आमच्यावरच्या बाई, न सांगता तपासणीला आल्या. मी सतरंजीवर बसून हजेरी भरत होते. मान खाली, मांडीवर एक पोरगी झोपलेली. ताई दारातूनच म्हणाल्या, "काय बाई, झोपलात की काय?"

"न्हाई ताई, हजेरी भरायले."

"मला दिसतंय ना."

त्यांनी शेऱ्याच्या वहीत लिहिलं, "भेटीच्या वेळी सेविका झोपलेल्या आढळल्या." वही माझ्यापुढे सरकवली. मी तो शेरा अक्षर न अक्षर वाचला आणि खाली वळणदार सही केली! विचारलं नाही, भांडले नाही. मोठ्या माणसानं कागद पुढे केला की सही करायची, एवढंच मला शिकवलेलं. गंमत म्हणजे त्या वेळी आतल्या खोलीत खरोखर घोरत होती ती आमची मदतनीस, पोरांच्या खाऊच्या, सुकडीच्या पोत्याला टेकून. ती कुणाच्याच नजरेला पडली नाही. नंतर मला म्हणाली, "बाई, तुमी झोपला न्हवता, मी सांगते की सायबाला."

"तुला कसं ठाऊक? तू तर झोपली होतीस."

"मग तसं नको सांगायला," ती म्हणाली.

आठ दिवसांनी कार्यालयाचं पत्र आलं. सात दिवसांत लेखी खुलासा द्या, नाहीतर कामावरून कमी का करू नये. शिवाय तिथले मोठे साहेब स्वतः बघायला येणार होते. मला रडू फुटलं, आणि रडून झाल्यावर मी जी युक्ती काढली तिची आठवण झाली की अजून कपाळावर हात जातो. कुंकवाखाली आम्ही मेण लावायचो, कुंकू धरून राहावं म्हणून. मी म्हटलं, कुंकू धरतं तर पापणी का धरणार नाही? साहेब यायच्या सकाळी मेणाची गोळी चांगली मळली, पापणी वर उचलली आणि भुवईखाली चिकटवली. आरशात पाहिलं तर काय डोळा! टप्पोरा. जरा दचकल्यासारखा दिसत होता, पण उघडा होता.

दिवस चैत्राचे. त्यात मदतनीस नेमकी उशिरा आली, म्हणून चुलीवरची खिचडी मीच ढवळायला बसले. मेणाला जाळाची धग लागली. आधी पापणी सुटली, मग मेण ओघळून दोन्ही पापण्या एकमेकींना चिकटल्या. मी चोळलं, तर तेच बोट उजव्या डोळ्यात गेलं. आणि बाहेर जीप थांबल्याचा आवाज.

"आता तर दोन्ही डोळे मिटलेत," साहेबांचा आवाज आला.

"सायेब, मेण हाय."

"काय आहे?"

"मेण. कुंकवाचं."

मला काही दिसत नव्हतं, म्हणून साहेबांनी तेव्हा कुणाकडे पाहिलं ते मला सांगता येणार नाही. पोरं मात्र खदखदून हसत होती, आणि त्यात एका बाईमाणसाचंही हसू होतं, मदतनिसाचं की ताईंचं कुणास ठाऊक.

संध्याकाळी मालकांना सांगितलं तर तेही हसले. मी ताट आपटलं तेव्हा थांबले. म्हणाले, "अगं, मग परभणीला डोळ्याच्या डॉक्टरला दाखवू की. कागद आणू त्याचा." इतकी वर्षं हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. माझ्या तर नव्हतंच नव्हतं. मला वाटायचं, दुखत नाही ते डॉक्टरला कशाला दाखवायचं?

विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस होते. निघायचं ठरवलं त्या दिवशी बंद होता, काहीच हललं नाही. घरी बसून मी खुलाशाचे दिवस बोटांवर मोजत राहिले. दुसऱ्या दिवशी चुडाव्याहून पॅसेंजर धरली.

डॉक्टरांनी पट्टी लावून पापणी मोजली. अंगठ्यानं माझी भुवई दाबून धरली आणि म्हणाले, "खाली बघा. आता वर बघा." भुवई दाबल्यावर पापणी जेमतेम हलली. मला पत्ताच नव्हता की इतकी वर्षं पापणीचं काम मी कपाळानं करत होते. रोज दुपारी कपाळ ठणकायचं ते यासाठी. मग त्यांनी विचारलं, जन्मापासून आहे का? सकाळी बरी असते आणि दिवस कलेल तशी जास्त पडते का? एकाचे दोन दिसतात का? घास गिळायला त्रास होतो का? जन्मापासून आहे म्हटलं, बाकी सगळ्याला नाही. "ठीक. चांगली असलेली पापणी एकाएकी पडली असती, किंवा डोकं भयंकर दुखून पडली असती, तर त्याच दिवशी धावत यायला पाहिजे होतं. तुमचं तसं नाही."

खिडकीला बांबूच्या काड्यांचा पडदा, चिक होता, एका बाजूनं लोंबणारा. तो दाखवून म्हणाले, "त्याची ती दोरी ढिली आहे, म्हणून तो तिरका. तुमच्या पापणीत एक स्नायू असतो, तो वर ओढतो. तुमचा जन्मतःच कमजोर. बाहेरून काही लावताय का?"

"एरंडेल. आणि चिमटीत धरून ओढते."

"चिकाला बाहेरून तेल चोळून दोरी घट्ट होईल का? आणि ओढणं आजपासून बंद. कातडी सैल करून घेताय." मग म्हणाले, ऑपरेशन होतं. तो स्नायू आखूड करून शिवतात. दोन्ही डोळे अगदी सारखे होतीलच असं नाही, पण पुढ्यातलं झाकलेलं उघडेल.

प्रमाणपत्र इंग्रजीत लिहिलं. आजाराच्या नावात पहिलं अक्षर लिहायचं पण बोलायचं नाही म्हणे. खुलाशाला ते टाचून मी मुदतीच्या शेवटच्या दिवशी कार्यालयात पोचले. तिथल्या क्लार्कनं कागद उलटासुलटा केला. "हे काय लिहिलंय? फाइलवर मराठीत टिप्पणी लिहावी लागते. मराठीत काय म्हणतात याला?"

आता बघा माझी हुशारी. "पापणी पडते" म्हटलं असतं तर गोष्ट तिथंच संपली असती. पण लहानपणापासून जो शब्द ऐकला तोच तोंडात. मी ठणकावून सांगितलं, "झापड. डोळ्याला झापड हाय, सायेब."

त्यानं मान डोलावून लिहून घेतलं. पंधरा दिवसांनी पत्र आलं. "सेविकेस झापड येण्याचा जुना आजार असल्याचे त्यांनी स्वतः मान्य केले आहे. बालकांच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने त्यांनी तूर्त काम थांबवावे."

म्हणजे सरकारी कागदावर मी आता जन्माची पेंगणारी झाले होते. धावत कार्यालयात गेले. "अवो, ती झापड न्हाई! ही झापड!" म्हणून पापणीला बोट लावून दाखवलं. क्लार्क म्हणाला, "बाई, झापड म्हणजे झापडच. डोळ्यावर येते ती. अजून कोणती असते?"

अजून एक असते. गालावर बसते ती. आजची मी असते तर त्याला तिसरा अर्थही समजावून आले असते. तेव्हाची मी "बरं सायेब" म्हणाले आणि जिना उतरले.

अंगणवाडी मदतनीस सांभाळत होती. घरासमोरून पोरं जाताना ओरडायची, "बाई, तुमी कवा येणार?" मी दार लावून घ्यायचे. आत्याबाईंना डॉक्टरांनी भुवई दाबली ते सगळं सांगितलं, तेव्हा त्या उखडल्याच. "दिसत न्हाई म्हणून मान वर करायचीस? मग इतके दिवस तोंडाला काय झालं होतं, भवाने? मी सगळ्या गल्लीला सांगून बसले की तू मगरूर हायस! आता मी काय घरोघर जाऊ?"

डॉक्टरांकडे परत गेले. सगळं ऐकून त्यांनी पेन उघडलं आणि मराठीत लिहिलं, "डाव्या डोळ्याची वरची पापणी उचलणारा स्नायू जन्मतः कमजोर. झोपेशी संबंध नाही."

"सुस्तीशी पण न्हाई, असं लिवा."

त्यांनी लिहिलं.

"गुंगी. डुलकी. पेंग."

"बाई, हे प्रमाणपत्र आहे की शब्दकोश?"

"तुमी कार्यालय बघितलं न्हाई, डॉक्टरसायेब. लिवा."

त्यांनी पाचही शब्द लिहिले. झापड मात्र त्यांना वगळायला लावलं.

तो कागद मी क्लार्कला दिला नाही. थेट साहेबांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी वाचला, म्हणाले, "ऑपरेशन करून या, मग विचार करू." मी म्हटलं, "सायेब, पोरं मी हातानं सांभाळते आणि तोंडानं शिकवते. डोळ्याचं काय ते माझं मी बघीन. कामाचं तुमी बघा." हे वाक्य बोलायला मला वयाची सव्वीस वर्षं लागली. साहेब म्हणाले, "कळवतो."

पावसाळा गेला तरी कळवलं नाही. त्यांच्या कळवण्याची वाट न बघता मी दिवाळीनंतर नांदेडला जाऊन ऑपरेशन करून घेतलं. ते कार्यालयासाठी नव्हतं, माझ्यासाठी होतं. पापणीपुरती भूल दिली. शिवताना ओढ जाणवत होती आणि डॉक्टर आपसात सोयाबीनच्या भावाचं बोलत होते. पापणी वर आली, पण उजवीइतकी नाही. झोपेत ती जराशी उघडी राहायला लागली, म्हणून रात्री मलम घालावं लागे. मी आरशात बघून पुन्हा रडले, कारण माझ्या मनात टप्पोरा डोळा होता. पण सुईत दोरा ओवताना हनुवटी उचलावी लागत नव्हती, आणि दुपारचं कपाळ ठणकणं गेलं ते गेलंच.

डोळ्यावर पट्टी होती तेव्हाच पत्र आलं. मालकांनी उंबऱ्यावर बसून मोठ्यानं वाचलं. माझा खुलासा तपासला होता. "सेविकेने पुढील आदेश होईपर्यंत काम सुरू ठेवावे."

"पुढील आदेश म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे त्यांचं अजून ठरलं न्हाई," मालक म्हणाले.

पट्टी निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले. त्यानंतर साहेब बदलले, मुख्यसेविका बदलल्या, तो क्लार्क निवृत्त झाला, माझ्या पहिल्या पोरांची पोरं माझ्याच सतरंजीवर येऊन बसली. दर वेळी टपाल आलं की आदेश आला का ते मी आधी बघायचे. सव्वीस वर्षं मी तशीच काम करत राहिले, पुढील आदेश होईपर्यंत. तो काही झाला नाही.