तिच्या दंडावरचे दोन शब्द

तिचं नाव मला आजही माहीत नाही. गडचिरोलीकडच्या एका गावच्या महिला कबड्डी संघाची ती कप्तान होती. तालुक्याच्या मैदानावर फायनल होती आणि मी प्रेक्षकांत बसलो होतो. काळीसावळी, खांद्यानं रुंद. चढाईआधी वाकून तळहात मातीवर घासायची तिची सवय होती. त्या दिवशी तिच्या दंडावर पेनानं ठळक लिहिलेलं होतं, ‘खाण नको’. तिच्या गावचं जंगल खाणीत जाणार होतं; गावाला कुणी विचारलं नव्हतं.

सामन्याआधी पाहुण्या साहेबांनी लांबलचक भाषण केलं आणि शेवटी निवडणुकीसाठी आपल्या पक्षाला मतं मागितली. टाळ्या झाल्या. मग आयोजकाची नजर तिच्या दंडावर गेली. ओला रुमाल पुढे करत तो म्हणाला, “पुसून टाक, बाई. खेळात राजकारण नाई चालत.”

ती म्हणाली, “भाऊ, साहेबानं आत्ताच मत मांगतलं. ते काय कबड्डी होती? मंग माह्या दंडाले काऊन भिऊन राह्यले?”

तिनं रुमाल घेतला नाही, म्हणून पंचांनी तिला बाहेर बसवलं. माझ्या शेजारचे लोक हसले, तेव्हा माझं डोकंच फिरलं. बदली खेळाडू नव्हती. सहाच जणी खेळल्या आणि थोडक्यात हरल्या. ती रेषेबाहेरून प्रत्येक चढाईला मांडीवर थाप मारत राहिली. दंड तिनं झाकला नाही.

बक्षिसाच्या वेळी साहेबांनी विजेत्या खेळाडूंच्या गळ्यात पक्षाचे दुपट्टे घातले. हवेत का, हे त्या मुलींनाही कुणी विचारलं नाही.